मगर बोलेना

आत्याची लाकडी मगर जबडा उघडेना, आणि टिवटिवने तर अख्ख्या वर्गासमोर छाती फुगवून सांगून टाकलं होतं, "नाटकात बोलणारी मगर येणार! खरीखुरी! मी आणणार!" दुपारी नाटकाच्या बाईंचा फोन यायचा होता. मगर बोलली तर ठीक, नाहीतर पुठ्ठ्याचा मुखवटा, आणि त्याच्या आत कोण, तर टिवटिवला परवापरवापर्यंत 'मुकी बाहुली' म्हणून चिडवणारी वर्गातली ती मुलगी!

आत्या खेळणी दुरुस्त करायची. मगरीने कधी काय करायचं हे सांगणारी छोटीशी लायब्ररी, म्हणजे कोडचा गठ्ठा, तिने कॉलेजात असताना स्वतः लिहिली होती. जुना कॉम्प्युटर गचकला, नव्यावर ताजं लिनक्स चढवलं, आणि कंपायलरने, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या गळी उतरवणाऱ्या प्रोग्रामने, सरळ हात वर केले. बिल्ड, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम बनवणं, फेल. पुन्हा फेल. स्क्रीन लालेलाल.

"बूलवर अडलंय," टिवटिव म्हणाली. "बूल म्हणजे फक्त खरं की खोटं एवढंच साठवणारा प्रकार. इंटरनेटवर सगळे म्हणतात, जुन्या कोडमध्ये लोक तो स्वतःच बनवायचे, ती ओळ उडवा. पण आत्या, तशी ओळच नाहीये!"

"मी नाही कुठला बूल-बिल लिहिला," आत्या कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचत आली.

"मग हे काय? बी, ओ, ओ, एल!"

"हात्तिच्या! अगं, ते 'बोल' आहे!"

"काय?"

"बोल! मगरीला सांगते ना मी, हल, हस, बोल. एकच ओ लिहिला तर लोक 'बॉल' वाचतील असं वाटलं, म्हणून दोन टाकले."

टिवटिव हसता हसता खुर्चीवरून घसरली. त्या काळी हा शब्द कुणीही वापरावा. नव्या कंपायलरने तो स्वतःसाठी राखून ठेवला होता. आत्या मगरीला म्हणतेय बोल, आणि कंपायलर मध्येच तोंड घालून विचारतोय, खरं की खोटं?

"एक ओ उडवते मी."

"खबरदार! शब्द आधी माझा होता."

"कंपायलरशी भांडून जिंकणार आहेस का?"

"तुझ्या बापाशी भांडून जिंकले, हा कोण लागून गेला?"

मग टिवटिवनेच मधला मार्ग काढला. बिल्डच्या आज्ञेला एक शेपूट जोडलं: बाबा रे, हे कोड नव्या नियमांनी नको, जुन्या नियमांनी वाच. एंटर! ओळी सरसर पळाल्या. लाल एकही नाही!

मगरीने जबडा वासला. "मी मगर!" स्पीकरमधून आत्याचा कॉलेजातला चिरका आवाज आला. "मी मगर! मी मगर! मी मगर!" दोन वाक्यांमध्ये मगरीने दम खावा म्हणून आत्याने जुन्या कॉम्प्युटरला आकडे मोजायला बसवलं होतं, नवा पठ्ठ्या ते डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून मोकळा. खडखडखडखड! मगर टेबलावरून नाचत निघाली. आत्याने धावत जाऊन शेपटी पकडली.

तेवढ्यात फोन.

"काय गं, बोलते का मगर?" बाईंनी विचारलं.

टिवटिवने फोन थेट जबड्यापाशी धरला.

"अगं बाई! पण नाटकात तिला एकच वाक्य आहे ना?"

"ते विसरा आता, बाई," टिवटिव खडखडाटावर ओरडली. "दोन पानं तरी लिहून द्या, नाहीतर ती सगळ्यांचेच संवाद म्हणेल!"