रजेचा नारळ

“तुमच्या नावावर थकबाकी दिसतेय, नाथाजीराव,” बँकेच्या विनोदिनी मॅडम स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, आणि नाथाजीनं आधी मागं वळून पाहिलं. दुसराच कुणी नाथाजी येऊन उभा राहिलाय की काय, असं त्याला वाटलं.

मागं कुणी नव्हतं. शेजारी लेक अंकिता बसली होती. मिरजेच्या नर्सिंग कॉलेजात तिला जागा मिळाली होती. शिक्षणकर्जाला बापाची सही हवी होती, आणि बापाचं नावच संगणकाला चालत नव्हतं. सोमवारपर्यंत काही झालं नाही, तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

नाथाजी कोरेगावच्या बाजार समितीत मापाडी. आल्याची पोती काट्यावर घ्यायची आणि वजन खणखणीत आवाजात सांगायचं, यातच हयात गेली. गावात कीर्तन असलं की बुवांच्या मागं टाळ घेऊन उभा. उधारीचा चहा त्याच्या घशाखाली उतरत नसे. मग थकबाकी कसली?

मॅडमनी उलगडून सांगितलं. साताऱ्याच्या जिमची वर्षाची फी एका फायनान्स कंपनीनं एकदम भरली होती, आणि ती नाथाजीकडून हप्त्यानं वसूल करायची होती; नाथाजी त्या हप्त्यालाच जिमची महिन्याची फी समजत होता. त्यानं जिम सोडली, खात्यात पैसे टाकणं थांबवलं, आणि हप्ते थकले. कंपनीचे फोन आले, पण नाथाजीला वाटायचं, कर्ज घ्या म्हणून कुणी मागं लागलंय. तो ‘नको’ म्हणून फोन ठेवायचा.

“जिम सोडताना काही लेखी दिलं होतं का?”

“नारळ दिला हुता,” नाथाजी म्हणाला.

तेव्हा कुठं मॅडमनी मान वर केली.

त्याचं असं झालं होतं. डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून अंग हलवायला सांगितलं. नाथाजी तरणेपणी तालमीत लोळलेला. त्याला वाटलं, जिम म्हणजे तालीमच, फक्त माती नाही. पण तिथली धडाधडा वाजणारी गाणी काही सोसेनात. टाळाच्या नादावर पोसलेले कान ते. शेवटी गावच्या तालमीचा रिवाज त्यानं पाळला. आरशाशेजारी मारुतीची तसबीर होती, तिच्यापुढं नारळ ठेवला, जमिनीला हात लावून कपाळाला लावला. जिमच्या मालकानं, इंद्रजितनं, नारळ उचलून छातीशी धरला. वस्तादानं नारळ घेतला की गडी मोकळा. नाथाजी मोकळा होऊन एसटीत बसला.

“आवं अण्णा, भरून टाकू की उरल्यालं,” अंकिता हळूच म्हणाली. मॅडम म्हणाल्या, भरले तरी डाग लगेच पुसला जात नाही. कंपनीनंच चूक झाली असं कळवलं, तर मात्र त्या फाईल पुढं पाठवतील.

इंद्रजितला गाठायला दोघं साताऱ्याला गेले, तर जिमच्या जागी आता मोबाईलचं दुकान होतं. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, इंद्रजितचं दिवाळं वाजलं, तो तासगावकडं चुलत्याच्या बेदाण्याच्या शेडवर राबतोय.

दुसऱ्या दिवशी बापलेक तासगावला उतरले. वाटेत नाथाजी मनाशी घोकत होता, बुडालेल्या माणसाकडं आपलं गाऱ्हाणं कोणत्या तोंडानं न्यावं?

इंद्रजित जाळीवर द्राक्षं पसरत होता. दंड तेच होते, डोळे मात्र खोल गेले होते. त्यानं ओळखलं. “मामा,” म्हणाला आणि हात पुसत आला. सगळं ऐकून घेतलं. खिशातून फोन काढला, कंपनीला लावला आणि आवाज मोठा केला. बेदाणा निवडणाऱ्या बायका हात थांबवून ऐकू लागल्या.

पलीकडची मुलगी गोड बोलत होती. सर, मेंबरशिप रद्द केल्याचा पुरावा?

“पुरावा मीच,” इंद्रजित म्हणाला. “त्यांनी नारळ ठिवला, म्या उचलला. म्हंजे त्याच दिवशी रजा दिली. तुमी वर्साचं पैसं मला आधीच दिल्यात. रजेपुढचं माझ्याकडनं वसूल करा, त्यांच्याकडनं न्हाई. कागूद लिवून देतो, सही करतो.”

नाथाजीला कीर्तन आठवलं. उत्तररंगात, बुवा आख्यान सांगतात तेव्हा, अशी एक जागा येते. भक्तावर आळ आलेला असतो, साक्षीला कुणी नसतं, आणि ज्याच्याकडून आशा नाही असा कुणीतरी फाटक्या वेषात पुढं होतो. बुवा तिथं थांबतात आणि टाळ आपोआप वाजतात. आज नाथाजीचे हात रिकामे होते. त्यानं ते जोडले.

“आरं गड्या, तूच तर बुडलायस,” तो कसाबसा म्हणाला. “तू कशाला वढून घेतूस?”

“मामा, लय लोकं सोडून गेली. कुणी सांगितलं बी न्हाई, कुणी श्या दिल्या. रीतसर रजा तुमीच घेतली.” इंद्रजितनं शेडच्या कोपऱ्याकडं बोट केलं. फळीवर मारुतीची तीच तसबीर होती, आणि पुढं तो नारळ. “मशीनी इकल्या, आरसं इकलं. ह्यो फोडाया हात उठंना. वाटायचं, वस्ताद म्हनून येकानं तरी मानलं हुतं.”

कंपनीचा मेल सोमवारी दुपारी आला. विनोदिनी मॅडमनी स्वतः फोन करून कर्जाची फाईल पुढं गेल्याचं नाथाजीला कळवलं.

पुढच्या आठवड्यात अंकिताला मिरजेला सोडायला जाताना दोघं पुन्हा तासगावला उतरले. नाथाजी इंद्रजितला म्हणाला, “वस्ताद, आता फोडा.” वस्ताद म्हणताच तो पोरगा खाली बघू लागला. मग त्यानं नारळ कानाशी हलवला. आत खुडखुड झाली. दगडावर अलगद आपटला तशी करवंटी दुभंगली आणि आतून खोबऱ्याचा अख्खा गोटा सुटून बाहेर आला. करवंटीला कुठंही चिकटलेला नाही, कुठंही टवका नाही. बायका जवळ आल्या.

इंद्रजितनं तो नाथाजीच्या हातात दिला. नाथाजीनं तळहातावर तोलला. जन्माच्या सवयीनं वजन सांगायला तोंड उघडलं, आणि शब्दच फुटेना.