विमा कंपनीला विचारलेला प्रश्न

धनराजला सगळं लेखी लागायचं. आपल्यासारख्या माणसाने तोंडी शब्दावर विसंबू नये, कागद हातात घ्यावा, हे वडिलांनी त्याच्या अंगात मुरवलं होतं. त्याच शिस्तीवर तो नागपूरहून नेदरलँड्समधल्या लायडनच्या प्रयोगशाळेत पोचला. तेव्हा तिला नावं ठेवायची कुणाची छाती होती!

मुलीच्या शाळेतला रोबोट क्लब चार पालक फावल्या वेळात चालवायचे, त्यातला एक धनराज. त्याची हर्षा वर्गात कोपरा धरून बसणारी पोर. क्लबमध्ये मात्र तिची जीभ सुटली, तीन जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या. आणि चौघींची टीम आइंडहोव्हनच्या अंतिम स्पर्धेला निवडली गेली! या शाळेतलं हे शेवटचं वर्ष, पुढे चौघी चार शाळांत पांगणार. हर्षा झोपेतसुद्धा स्पर्धेबद्दल बडबडायची.

पालकांच्या बैठकीत धनराजने विचारलं, "तिथे कुणाला काही झालं तर इन्शुरन्स कुणाचा?"

यान नावाचे एक पालक हसले. "आम्ही दरवर्षी जातो. कुणी विचारत नाही."

गप्प बसेल तो धनराज कसला! त्याने शाळेच्या विमा कंपनीला भलीमोठी ईमेल धाडली, वर मुख्याध्यापिकांनाही सीसीमध्ये घातलं. उत्तर रोखठोक आलं: शाळेबाहेर किंवा शाळा सुटल्यावर मुलांसोबत शाळेचा पगारी शिक्षक नसेल, तर विमा लागू नाही. स्पर्धा शनिवारी, आणि शनिवारी यायला एकही शिक्षक तयार होईना.

"मला माहीत नव्हतं तोवर ठीक होतं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आता तुम्ही मला लेखी कळवलंय." त्यांनी टीमचं नाव काढून घेतलं आणि क्लबही बंद केला.

स्पर्धेच्या शनिवारी हर्षा सोफ्यावर फोन घेऊन बसली होती. धनराज सहज डोकावला. फोटोत तिच्या तिन्ही मैत्रिणी, तोच रोबोट आणि मागे यान. टी-शर्टवर शाळेचं नाव नव्हतं. पालकांनी आपल्या जबाबदारीवर खाजगी टीम उतरवली होती.

धनराजचं डोकंच फिरलं. "माझ्या मुलीला वगळतात म्हणजे काय? मी आत्ताच्या आत्ता यानला फोन लावतो!"

"बाबा, डोन्ट. त्यांनी मला विचारलं होतं."

"मग?"

"एव्हरी पेरेंट हॅड टु साइन. काही झालं तर कुणाला ब्लेम करणार नाही, असं."

"अगं, मग मला सांगायचंस ना! केली असती मी सही."

हर्षाने फोन खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच त्याला सोसवेना.

"यू वुड हॅव आस्क्ड समवन, बाबा. मग त्यांचंही कॅन्सल झालं असतं."

धनराजला खोटंही बोलता येईना. पोरीने बापाला बरोबर ओळखलं होतं. तो तिच्या शेजारी मटकन बसला आणि त्याला रडू फुटलं. हर्षा उठून आपल्या खोलीत गेली.