शिंपीणबाईंची तक्रार

शिंपीणबाई ब्लाउजला बाही जोडत होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

"आई, मला वाचव!" एक मुलगी हुंदके देत होती. मग एक पुरुष बोलू लागला. "तुमच्या मुलीला अपघात झालाय. ऑपरेशनसाठी लगेच पैसे पाठवा. फोन ठेवू नका आणि कुणाला सांगूही नका."

बाई ताडकन उठल्या. पण 'कुणाला सांगू नका' हे काही त्यांना पटेना. त्यांनी फोन कट केला आणि लेकीचा नंबर स्वतः लावला.

"काय गं आई? जेवतेय मी," लेक म्हणाली.

म्हणजे लेक सुखरूप होती. मग मात्र त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानाला कुलूप ठोकून त्यांनी तडक पोलीस चौकी गाठली.

हवालदारानं मान वर न करताच विचारलं, "पैसे गेले का?"

"नाही."

"मग कशाला तक्रार करताय?"

"माझे वाचले म्हणून गप्प बसू? मेला आईच्या काळजाला हात घालतो! आत्ता दुसऱ्या कुणाला तरी रडवत असेल. हा घ्या त्याचा नंबर. तुम्ही लिहिल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

बाई तिथल्या बाकावर ठाण मांडून बसल्या. शेवटी हवालदारानं पेन उचललं.