एक लांब, दोन आखूड

माझ्याशी बोलताना लोक ओरडतात. नवव्या वर्षी ताप आला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. आज मी एकतीस वर्षांची आहे, म्हणजे गेली बावीस वर्षं मी लोकांच्या गळ्याच्या फुगलेल्या शिरा बघतेय. ओरडलं की तोंड वेडंवाकडं होतं आणि ओठ वाचता येत नाहीत, हे मी हजारदा सांगितलंय. पण ऐकू न येणाऱ्या बाईचं ऐकतो कोण?

मामाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं सात वर्षं काम करतेय. पंख्यांतली धूळ काढायची, स्क्रू मापाप्रमाणे डब्यांत टाकायचे, केबली गुंडाळायच्या आणि मागच्या खोलीत बसून मामा देईल ते जोडायचं. दुरुस्तीचं टेबल मात्र पुढे. ते भिंतीकडे तोंड करून लावलेलं, वर ट्यूबलाइट, बाजूला हत्यारांची फळी. तिथं बसणाऱ्याची पाठ गिऱ्हाइकाकडे असते. अलीकडे मामाला बारीक पिना दिसेनाशा झाल्या, तेव्हा ते टेबल मी मागितलं.

"गिऱ्हाईक मागून बोलतं गं," मामा म्हणाला. "तुला कळायचं कसं?"

आणि मामेभावाचं नाव पुढे आलं. आठ महिन्यांपूर्वी तो दुकानात आला तेव्हा रॅम कुठल्या बाजूने बसवायची हे त्याला मी दाखवलं होतं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, ती म्हण मला जरा जास्तच लागू पडते. मी त्याला मनातल्या मनात 'धाकटे सरकार' म्हणते. तोंडावरही म्हणते.

मी मामाशी तीन दिवस भांडले. शेवटी तो वैतागला.

"मागे भंगार पडलंय त्यातून एक मशीन उभं कर," म्हणाला. "शनिवारी दुकान बंद होईपर्यंत स्क्रीनवर काहीतरी दिसलं, तर टेबल तुझं. नाहीतर सोमवारपासून तो बसेल आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"कबूल," मी म्हणाले. मागेपुढे बघणं माझ्या स्वभावात नाही.

बुधवारी दुपारपर्यंत मशीन उभं केलं. कॅबिनेट एकाचं, मदरबोर्ड दुसऱ्याचा, पॉवर सप्लाय तिसऱ्याचा. प्रोसेसर असा होता की त्याला स्वतःहून स्क्रीनवर काही दाखवता येत नाही, म्हणून वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं. बोर्डाच्या कोपऱ्यात बझरही लावला. बझर म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा काळा तुकडा आणि त्याला दोन वायरी. मशीन सुरू होताना काही बिघडलेलं असेल तर तो वाजतो, आणि किती वेळा, कसा वाजला यावरून दुखणं कुठे आहे ते कळतं. माझ्या बझरच्या वायरीला मी लाल दोऱ्याची गाठ मारून ठेवते, कारण या दुकानात माझी वस्तू मला कधी परत मिळत नाही.

बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीनवर 'नो सिग्नल' असं आलं आणि अंधार झाला. मी दुसरी केबल आणायला मागच्या खोलीत गेले. केबलींचा गुंता सोडवून परत आले तेव्हा मामेभाऊ फोनवर बोलत होता.

"काही वाजतंय का?" मी विचारलं.

फोन कानावरून न काढता त्याने मान हलवली. नाही.

वाजतच नाही, म्हणजे बोर्डातच जीव नाही, असा मी हिशोब केला आणि पुढचे दोन दिवस त्या हिशोबाच्या मागे धावले. पॉवर सप्लाय बदलला. प्रोसेसर उचलला, पिना भिंगाखाली एकेक तपासल्या, नवी पेस्ट लावून परत बसवला. बोर्डावरचा गोल सेल काढून घातला. रॅम खोडरबराने घासली आणि प्रत्येक खाचेत एकेक करून लावून पाहिली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माझ्या बोटांची टोकं सोलवटली होती आणि स्क्रीनवर तेच दोन शब्द येऊन जात होते.

"ताई, सोड आता," मामेभाऊ म्हणाला. "बोर्ड गेलाय."

"तू गप्प बस, उंटावरच्या शहाण्या."

मामाने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला टोमणे चालतात, कीव चालत नाही. त्या हातामुळे मला रात्रभर झोप लागली नाही.

शनिवारी दुपारी एक लहान स्क्रू हवा होता म्हणून मी स्क्रूंचा डबा ओतला. स्क्रूंमधून लाल दोऱ्याची गाठ वर आली.

मी आधी बोर्डाकडे बघितलं. कोपऱ्यातल्या पिना मोकळ्या होत्या. मीच लावला होता, तेव्हा तो जागेवर आहेच असं धरून मी पुन्हा तिकडे बघितलंच नव्हतं.

"हा डब्यात कसा?" मी बझर मामेभावाच्या नाकासमोर धरला.

"तो होय? बुधवारी काढला मी. सारखी कटकट चालली होती त्याची, फोनवर बोलता येईना."

"आणि मी विचारलं तेव्हा नाही म्हणालास?"

"तेव्हा वाजत नव्हतंच ना!" त्याने खांदे उडवले. "आणि ताई, तुला थोडंच ऐकू येणार होतं?"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तो मनाने वाईट नाही, आणि याचाच मला जास्त राग आला. वाईट माणसाशी निदान धड भांडता येतं. या दुकानातल्या सगळ्यांना कान आहेत. त्यांनी ते ऐकलं, त्यांना त्रास झाला आणि त्यांनी ते बंद करून टाकलं. मला सांगावं असं एकाच्याही मनात आलं नाही.

"मामा!" मी हाक मारली. माझा आवाज किती मोठा निघतो ते मला कळत नाही, पण बोचकं घेऊन काउंटरशी थांबलेल्या गिऱ्हाईक बाई दचकल्या, म्हणजे पुरेसा निघाला असावा.

बझर पिनांवर लावला आणि चिमटीत धरला. बटण दाबलं. बोटांना बारीकशी थरथर कळली, पण कुठे सुरू, कुठे बंद, ते कळेना. बोटं तर सोललेली. मग मी कॅबिनेट आडवं केलं, त्यात तोंड घातलं आणि बझर दातांत धरला.

"अगं, शी! ते घाण आहे!" मामाचे ओठ मला तिरके दिसले. मी डोळे मिटून घेतले.

पहिली थरथर जबड्यापर्यंत गेली आणि बराच वेळ राहिली. मग दोन चुटपुटत्या. मग काही नाही. परत तसंच. मी तीनदा मोजलं.

तोंड बाहेर काढलं, मशीन बंद केलं आणि मामाला म्हणाले, "आता तुझ्या मुलाला विचार, किती वेळा वाजतं ते." आणि पुन्हा बटण दाबलं.

धाकट्या सरकारांनी कान टवकारले. "वाजतंय... चार? पाच वेळा?"

"तीन," मामा म्हणाला.

"कशी तीन?"

"कशी म्हणजे? वाजली तीनदा," मामा म्हणाला.

"एक लांब, दोन आखूड," मी म्हणाले. "बोर्ड धडधाकट आहे, प्रोसेसर धडधाकट आहे. ओरडतोय तो ग्राफिक्स कार्डासाठी. बुधवारपासून ओरडतोय."

मशीन बंद केलं आणि टॉर्च घेऊन कार्डाकडे नीट बघितलं. मागच्या बाजूचा स्क्रू घट्ट होता, पण पुढचं टोक खाचेतून नखभर वर आलेलं. भंगारातल्या कॅबिनेटची मागची पट्टी वाकलेली होती. स्क्रू आवळला की ती कार्ड उचलायची. तो स्क्रू मीच आवळला होता. चूक माझी होती, आणि ती मी दोघांनाही मोठ्याने सांगितली. पण ती पाच मिनिटांची चूक होती, तिचे तीन दिवस मी केले नाहीत, हेही सांगितलं.

पट्टी पकडीने सरळ केली. कार्ड दाबलं, खाचेच्या टोकाचा खटका अंगठ्याला कळेपर्यंत. बझर परत दातांत घेतला आणि बटण दाबलं.

एकच आखूड. म्हणजे सगळं ठीक.

मी डोकं वर काढलं तेव्हा स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी होत्या. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. मामेभाऊ "भारी, ताई!" म्हणाला आणि ते त्याने मनापासून म्हटलं. मामाने चष्मा पुसला.

"टेबल तुझं," तो म्हणाला. मग पाठ फिरवून आणखी काहीतरी म्हणाला.

"माझ्याकडे बघून बोल."

तो वळला. "सोमवारपासून बस म्हटलं. गिऱ्हाइकाचं बोलणं हा ऐकेल आणि तुला सांगेल."

"हा सांगेल?" मी म्हणाले. "हा?"

मामाने नजर चुकवली. मी टेबलावरची हत्यारं खाली ठेवली, प्लग काढला आणि टेबलाला खांदा लावला. लोखंडी पाय फरशीवर खरवडत असणार, कारण चपलांतून तळव्यांना हादरे बसले आणि गिऱ्हाईक बाईंनी कानांवर हात घेतले. टेबल वीतभर हललं आणि अडलं.

"अगं, काय चाललंय?" मामा विचारत होता.

"दुसरी बाजू धर," मी मामेभावाला म्हणाले. तो बापाकडे बघायला लागला. "तिकडे बघू नकोस. इकडे बघ. धर."

त्याने धरलं. आम्ही टेबल पूर्ण फिरवलं, भिंत माझ्या पाठीशी आणि दार माझ्या समोर. ट्यूबलाइटचा उजेड आता मागून येत होता, पण ती सोमवारी हलवता येणार होती. मी खुर्ची ओढून बसले.

गिऱ्हाईक बाईंनी बोचक्यातून त्यांचं मशीन काढलं आणि काय झालंय ते मामाला सांगायला सुरुवात केली. मी टेबलावर दोनदा थाप मारली. त्या वळल्या.

"इकडे," मी म्हणाले. "माझ्याकडे बघून सांगा. आणि ओरडू नका."