आगीवरचा फ्रिज

पांडू हिलम पोटावर पालथा पडला होता. डोकं पलंगाखालच्या कपाटात, पाय गाडीच्या दाराबाहेर. आत फ्रिजच्या बुडाशी चिमणीच्या चोचीएवढी निळी ज्योत जळत होती, आणि त्या ज्योतीवर बर्फ करायचा होता.

"झाला का थंड?" बाहेरून निमिषने विचारलं.

"आग लागलीय बराबर," आतून पांडू म्हणाला. "थंड काय व्हईना."

आगीने थंड होणारी वस्तू पांडूने बावन्न वर्षांत पाहिली नव्हती. निमिषने त्याला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला होता. त्यात एक गोरा माणूस हसत हसत सांगत होता की गॅसवरच्या फ्रिजात खाली बर्नर पेटतो, नळ्यांमधलं औषध उकळतं आणि वर बर्फ होतो. पांडूच्या बायकोने, ठमीने, तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला आणि गोरा पिऊन बोलतोय असा निकाल दिला.

गाडी निमिषची. पेणमधला शाळेमागचा प्लॉट विकून त्याने जुनी मिनीबस घेतली आणि तिचं फिरतं घर केलं. पलंग, शेगडी, मोरी, आणि कुठल्याशा परदेशी भंगारातून आलेला हा फ्रिज. रंगवायचं काम त्याने हमरापूरच्या एका गणपतीवाल्याला दिलं. त्या माणसाने हेडलाइटच्या वर दोन डोळे काढले, ते असे शांत आणि कृपाळू की पेणच्या नाक्यावर दोन बायकांनी गाडीला हात जोडले. बाजूवर 'कुंडलिका कॅरव्हॅन' असं नाव घालायचं होतं, पण मध्ये नेमकी फ्रिजचा धूर बाहेर जायची जाळी येत होती. निमिषने जाळीवर पत्रा ठोकून घेतला. नाव फार सुंदर आलं.

परदेशात लोक अशा गाडीतून देश पालथे घालतात. निमिषची पहिली सहल पेण ते रोहा होती. रोह्यात कुंडलिका नदीच्या काठावर गाडी सकाळीच येऊन लागली होती, पाच वाजता पाहुणे येणार, दोन रात्री राहणार. जाहिरातीत त्याने लिहिलं होतं, चोवीस तास थंडगार फ्रिज. आता अकरा वाजले होते आणि फ्रिजात ठेवलेलं लोणी वाहायला लागलं होतं.

फ्रिज थंड झाला तर पांडूला कायमची नोकरी, असं ठरलं होतं. निमिषने गळ्यात अडकवायचं कार्डसुद्धा छापून आणलं होतं. पांडूचा फोटो, खाली 'गॅस इंजिनिअर'. ते निमिषच्या खिशात होतं, आणि तो अधूनमधून खिसा चाचपायचा.

जिते गावाजवळच्या पांडूच्या वाडीवरची सगळी माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीला जायची. पांडू एकटा सुटला होता. पंधराव्या वर्षी तो पेणच्या एका शेगडी दुरुस्तीच्या दुकानात लागला आणि पुढं स्वतःची पिशवी घेऊन घरोघर हिंडला. पण आता नव्या बिल्डिंगींत पाइपचा गॅस आला होता. शेगडी बिघडली की लोक मोबाइलवरून दुसरी मागवत. गेल्या महिन्यात पांडूला दोन कामं मिळाली, त्यातलं एक कुकरच्या शिटीचं. परवा भट्टीचा मुकादम येऊन गेला होता. यंदा येताय ना, असं त्याने फार प्रेमाने विचारलं होतं. बावन्नाव्या वर्षी डोक्यावर पहिल्यांदा विटा.

पांडूचं निदान साधं होतं. ज्योत बारीक, म्हणजे प्रेशर कमी, म्हणजे रेग्युलेटर गेला. त्याने पिशवीतला दुसरा रेग्युलेटर लावला. ज्योत तेवढीच. तिसरा लावला. तेवढीच. मग निमिष रोह्यातल्या एका हॉटेलवाल्याकडून भट्टीचा रेग्युलेटर उसना घेऊन आला. भट्टीचं प्रेशर वेगळं असतं, घरच्या बर्नरला चालत नाही, असं पांडू परोपरीने सांगत होता. निमिषने तो स्वतःच्या हाताने लावला. ज्योत भस्सकन बाहेर आली, पांडूची डावी भुवई घेऊन गेली आणि विझली. पांडूने तो उतरवून परत आपला लावला. फ्रिज गरमच राहिला.

"मला बाकी काही माहीत नाही," निमिष म्हणाला. "पाच वाजता यात बर्फ पाहिजे."

मग पांडूने पिन काढली.

पेण तालुक्यात शेगडीचं दुखणं कुठलंही असो, शेवटी पिन मारतात. दुकानाच्या उस्तादाने पांडूला पहिल्या दिवशी पगाराचं काही सांगितलं नव्हतं, पिन मात्र हातात दिली होती. बर्नरच्या जेटमध्ये, म्हणजे गॅस यायच्या बारीक भोकात, पिन घालायची, फिरवायची, फुंकायची. या एका इलाजावर त्याचा संसार झाला होता. पण या परदेशी जेटचं भोक केसाएवढं होतं. पिन जाईना. पांडूने दाबली. जाईना. त्याने डोळे मिटून अजून दाबली. गेली.

परत पेटवलं तर वीतभर ज्योत आली. लांब, झुलणारी आणि पिवळीधमक.

"याला म्हणतात काम," निमिष खूश होऊन म्हणाला.

पिवळी ज्योत म्हणजे काय हे त्याला गोऱ्याने सांगायला नको होतं. तीस-पस्तीस वर्षं बायका त्याला त्यासाठीच बोलवायच्या. भांडी काळी पडतात, डोळे चुरचुरतात, डोकं धरतं. गॅस धड जळत नाही. आणि मोठं झालेलं भोक परत लहान करायची पिन अजून कुणी काढलेली नाही.

साडेतीनला फ्रिजातलं दूध फाटलं. निमिष आंघोळीला गेला तेव्हा पांडू नदीकडे तोंड करून बसला. गाडी झाडूनपुसून काढायच्या रोजावर ठमीलाही आणलं होतं. ती बादली ठेवून त्याच्या शेजारी येऊन बसली.

"काय झाला रं?"

"मेला फ्रिज. मीच मारला."

"ईटभट्टीवर पन आगच हाय," ती म्हणाली. "पन तिथं कोनी बर्फ तरी मागत नाय."

पांडू हसला नाही.

"बर्फ पायजेल ना त्याला?" ती उठली. "मंग बर्फ दिऊ."

ठमी कधी कधी रोह्याच्या मच्छी बाजारात चिंबोऱ्या विकायला बसायची, त्यामुळे तिथल्या बायका ओळखीच्या. पाऊण तासात ती गोणपाटात गुंडाळलेला बर्फ घेऊन आली. दोघांनी तो धुतला, फोडला आणि फ्रिजच्या वरच्या कप्प्यात रचला. खाली आग, वर बर्फ, आणि मध्ये पांडूचं नशीब. निमिषने दार उघडलं, हात आत घातला, आणि त्याचे डोळे बाहेरच्या चित्रातल्यासारखे कृपाळू झाले.

"पांडूशेठ," तो म्हणाला. सकाळपासून नुसता पांडू होता. त्याने खिशातून कार्ड काढलं आणि पांडूच्या गळ्यात घातलं.

पाचला पाहुणे आले, तनया आणि बरोबर तिचे वडील माधवराव, निवृत्त मास्तर. निमिषने मानाने लिंबाचं सरबत केलं, वर बर्फ टाकला. माधवरावांनी घोट घेतला आणि थांबले. ग्लासात एक चकचकीत खवलं तरंगत होतं. त्यांनी ते बोटाने काढलं, उजेडात धरलं, लेकीकडे बघितलं आणि हळूच पँटला पुसलं. डॉक्टरने त्यांचे मासे बंद केल्याला चार वर्षं झाली होती.

"अजून एक द्या," ते म्हणाले. "बर्फ जरा जास्त घाला."

पांडूने संधी साधून मागे जाऊन सिलिंडरचा कॉक बंद केला. पाच मिनिटांत निमिष वाकून फ्रिजच्या बुडाच्या काचेतून बघून आला, ज्योत विझल्याचं त्याला दिसलं, आणि त्याने कॉक उघडून स्वतः परत पेटवली. आता त्यालाही जमत होतं. पांडूने दुसऱ्यांदा बंद केला. निमिषने दुसऱ्यांदा पेटवली आणि पाहुण्यांना सांगितलं की आमचे इंजिनिअर आहेतच, पण मालकालाही सगळं यायला पाहिजे.

तनया म्हणत होती की डास फार आहेत, काचा रात्रभर बंदच ठेवू. निमिष म्हणाला, खुशाल ठेवा, फ्रिज मी चालूच ठेवतो. माधवरावांचा पलंग फ्रिजच्या बरोबर वर होता.

ठमीने बादली उचलली. पांडूने पिशवी उचलली. दोघं रस्त्याला लागले. पांडूच्या छातीवर कार्ड डुलत होतं, आणि ठमी दर चार पावलांवर त्याच्याकडे बघत होती. वडाच्या झाडापर्यंत गेल्यावर पांडू थांबला.

"नाय ना?" ठमी म्हणाली.

"नाय," पांडू म्हणाला.

तीच आधी वळली.

निमिष टेबलावर ताटं मांडत होता. "काय विसरलात?" त्याने विचारलं.

"दादा, फ्रिज बंद करा."

"का? चालतोय की."

"नाय चालत. बर्फ मच्छी बाजारातला हाय. मी ठेवला." "आनि ती आग चांगली नाय. पिन मारून मी जेट बिघडवला. जाळीवर पत्रा हाय, धूर सगळा आत येनार. काचा लावून झोपली ही मान्सं, तर सकाळी उठायची नाय."

मग पांडू स्वतःच गेला आणि कॉक बंद केला. या वेळी ज्योत कुणी परत पेटवली नाही.

तनयाने मोबाइलवर फ्रिजचं नाव घालून माहितीचं पुस्तक शोधलं आणि वाचायला लागली. वाचता वाचता थांबली. त्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की गाडी अगदी सपाट जागी उभी पाहिजे. गाडी कलती असली तर ज्योत ठीक असूनही फ्रिज थंड होत नाही.

सगळ्यांनी खाली बघितलं. गाडी काठाच्या उतारावर उभी होती. पांडूचा पाना सकाळपासून चार वेळा घरंगळत दाराशी गेला होता, आणि चारही वेळा पांडूने तो उचलून परत जागेवर ठेवला होता. म्हणजे निळी ज्योत बरोबर होती. पहिला रेग्युलेटरही बरोबर होता. शंभर पावलं पुढं, वडाखालच्या सपाटीवर गाडी लावली असती तर आत्ता आत घरचा बर्फ असता.

निमिषने रिक्षा बोलावून पाहुण्यांची सोय गावातल्या लॉजवर केली. माधवराव रिक्षात बसता बसता पांडूजवळ आले. आता मास्तर काय बोलणार म्हणून पांडूने मान खाली घातली.

"मांदेली होती ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय. न् थोडी कोलबी."

माधवरावांनी मान डोलावली. मग पांडूचा हात धरून म्हणाले, "मला रात्री जाग येत नाही हो. झोपेची गोळी असते." तनयाने हाक मारली तेव्हा त्यांनी हात सोडला.

रिक्षा गेल्यावर निमिष पायरीवर बसला. "गप्प बसला असतास तर," असं म्हणून तो थांबला. पुढचं वाक्य त्याला स्वतःलाच आवडलं नसावं. पांडूने गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. तेही उतारावरून घसरत दाराशी गेलं. ते कुणी उचललं नाही.

ऊन उतरलं होतं. पांडूने फ्रिजची नळी काढून तिथं बूच बसवलं, सकाळचा पहिला रेग्युलेटर परत लावला. ठमी पिशवी खांद्याला लावून उभी होती. तिने मुकादमाला फोन लावू का असं विचारलं.

"थांब," तो म्हणाला. "शेगडीची लाइन चालू राहनार हाय. दादा हितंच झोपंल."

त्याने तिच्या बादलीतला साबण हातावर चोळला, फेस केला, आणि बुचाच्या आट्यांवर, रेग्युलेटरच्या कडेला, नळीच्या तोंडाशी बोटाने लावला. कॉक उघडला. गुडघे टेकून, जळकी भुवई सांध्याजवळ नेऊन बघत राहिला. गॅस गळत असला तर फेसात बुडबुडा धरतो. एकही धरला नाही. फेस हळूहळू बसत गेला. पांडूने हाताला राहिलेला फेस परत एकदा सगळ्या सांध्यांना लावला आणि बघत बसला.