शेरूसाठी घेतलेली पेंढी

नाक मुरडू नका. माझ्या अंगाला वास येतोय हे मलाही ठाऊक आहे, पण मी मुळात अशी नव्हते. मी मारवेल गवताची पेंढी, वडीगोद्रीच्या वच्छलाबाईच्या बांधावर वाढलेली. आमच्या भागात मारवेल गवताला मोठा मान आहे. जनावरांत, म्हणजे. माणसांत आमची किंमत काय असणार! हरला की माणूस दाती तृण धरतो, एरवी रान साफ करताना पहिली शिवी आम्हालाच.

वच्छलाबाई मात्र तशी नव्हे. तिच्या सासरच्या चार पिढ्या मेंढरांमागं हिंडल्या. आता मेंढरं गेली, थोडं रान उरलं आणि त्याच्या बांधाला आम्ही. तणनाशकाचा पंप ती बांधाकडं फिरकू देत नाही. फुलोरा डोकावला की विळा घेऊन येते. त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. "बी धरलं की गवत ऱ्हात न्हाई, सरपन व्हतं," असं ती म्हणते. विळा लागला तेव्हा दुखलं, खोटं कशाला बोलू? पण हात जाणत्याचा होता.

दोन दिवस मी उन्हात पसरून होते. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वच्छलाबाई आली. पहाटेच्या दवाला इकडं दहिवर म्हणतात. दहिवरानं गवत नरम पडतं, पानं झडत नाहीत, म्हणून पेंढ्या त्याच वेळी बांधायच्या, अशी जुनी रीत आहे. बांधून झाल्या की दोन दिवस वाऱ्याला उभ्या करायच्या, खडखडीत वाळवायच्या आणि मग विकायच्या. हे पुढचं कुणी बोलून दाखवत नाही, कारण गावात ते पोराटोरांनाही ठाऊक असतं. माझ्या दुःखाचं मूळ तिथंच आहे.

आम्हाला बांधणं चालू असतानाच एक मुलगी बांधावरून चपला सांभाळत आली. ती अंबडची साजिया. घरीच साड्यांना फॉल-पिको करते. कुणा गिऱ्हाइकानं तिला वच्छलाबाईचा पत्ता दिला होता.

"मावशी, वाळकं गवत पाह्यजे. सशाला."

वच्छलाबाईचा हात थांबला. "सशाला इकत गवत? बाई बाई! आमच्या रानात तर ससे फुकट चरून राह्यले!"

"तो रानातला न्हाई ना मावशी. घरात पाळलाय."

सशाचं नाव शेरू. माणसांना असली थट्टा बरी सुचते. अम्मी गेल्यापासून साजियाच्या घरात ती आणि शेरू, दोघंच. लाडानं तिनं त्याला बिस्किटं खाऊ घातली, पोळ्या खाऊ घातल्या. सशाचे दात जन्मभर वाढत असतात, दिवसभर गवत चावलं तरच झिजतात, हे तिला कोण सांगणार? दात वाढून गालात घुसले, लाळ गळायला लागली, खाणं बंद झालं. डॉक्टरांनी दात कापले आणि बजावलं, आता वाळलेलं गवत हेच मुख्य अन्न. पुन्हा असं झालं तर वाचणार नाही. शहरातून कुरिअरनं येणाऱ्या गवताच्या एका पाकिटात तिची दोन दिवसांची कमाई जायची. तेही कधी नुसत्या काड्या, कधी धूळ.

"मी तर शेकड्यानं इकते," वच्छलाबाई म्हणाली. "मेंढरंवाले येतात, शंभर-दोनशे पेंढ्या उचलतात. दहा-पाच कोन मोजत बसंल?"

साजिया तिथंच उभी राहिली. वच्छलाबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि आमच्यातल्या दहा जणी बाजूला काढल्या. पैसेही बेताचेच घेतले. "वास घे," म्हणाली. साजियानं घेतला आणि इतक्या दिवसांनी हसली. आम्हाला कुणी असं छातीशी धरून हुंगलं नव्हतं. मी फुशारले.

विकताना वच्छलाबाई काडी मोडून दाखवते. वाळली असली तर कट्‌कन मोडते, ओली असली तर नुसती वाकते. त्या दिवशी तिनं मोडली नाही. साजियाला घरी गिऱ्हाइकं यायची होती, साडेआठची बस होती, "जल्दी करा मावशी" चाललं होतं. वच्छलाबाईला वाटलं, घरी नेऊन वाळवीलच. साजियाला वाटलं, विकत घेतलं म्हणजे तयारच असणार. दोघींपैकी एकीच्याही मनात खोट नव्हती.

घरी तिनं एक पेंढी शेरूजवळ टोपल्यात सोडली. उरलेल्या नऊ जणींसाठी पाण्याचा निळा ड्रम धुतला, पुसला, आम्हाला आत दाबून बसवलं आणि झाकण घट्ट लावलं. उंदीर नको, धूळ नको. किती काळजीनं केलं तिनं ते! मी सगळ्यात वर होते, झाकणाला टेकलेली.

पहिल्या दिवशी अंगातलं दहिवर गरम झालं. दुसऱ्या दिवशी झाकणाला थेंब धरले आणि आमच्यावरच पडले. चौथ्या दिवशी माझ्या पोटात काहीतरी पांढरं, मऊ वाढायला लागलं. बाहेरून मी अजून हिरवीगार होते. बाहेर शेरू टोपल्यातली माझी बहीण कुरुकुरु खात होता, साजिया मशीन चालवता चालवता त्याला म्हणत होती, "खा बेटा, खा." तो आवाज ऐकून मला बरं वाटायचं आणि त्याच वेळी भीतीही वाटायची. माझी पाळी येणार होती.

ती आठव्या दिवशी आली. टोपल्यात तळाशी चार काड्या उरल्या होत्या. साजियानं मला बाहेर काढलं, क्षणभर थबकली. कुबट वास तिलाही आला असणार. पण शहरगावची मुलगी, तिला वाटलं, गवत आहे, वास असायचाच. शेरूनं आधी तोंड फिरवलं. संध्याकाळपर्यंत भुकेनं त्यानं माझ्याच काड्या ओढल्या. ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. त्याचे इवलेसे दात माझ्यावर चालत होते आणि मी गप्प होते.

दुसऱ्या दिवशी शेरू कोपऱ्यात अंग आखडून बसला. खाणं नाही, पिणं नाही, पोट टणक. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पोट थांबलंय म्हणाले, कुणी बुरशीचं काही घातलं का, असंही विचारलं. घरी येऊन साजियानं मला उकललं, तेव्हा माझं पोट तिला दिसलं. तिनं थेट फोन लावला.

"मावशी, सडकं गवत दिलं तुमी! बाईमानूस बघून फसवलं का? माझा शेरू मरून राह्यला हितं!"

पलीकडून वच्छलाबाई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. साजियानं फोन ठेवून दिला होता.

सकाळी दार वाजलं. वच्छलाबाई काखेत एक पेंढी मारून उभी होती. चहा नको म्हणाली, पाणीही नको. "कोनतं सडलं, दाव."

साजियानं माझ्याकडं बोट केलं. वच्छलाबाईनं माझी काडी घेतली, वाकवली, ती वाकलीच. मग टोपल्याच्या तळाची काडी घेतली. ती कट्‌कन मोडली. दोन्ही काड्या एकाच सकाळच्या, एकाच बांधाच्या. तिनं ड्रमकडं पाहिलं.

"ह्याच्यात झाकून ठेवल्त्या?"

साजियानं होकाराची मान हलवली.

वच्छलाबाई ड्रमजवळ खाली बसली. "दहिवरातलं गवत हाय, दोन दिस वाऱ्याला ठेव, येवढंच म्या सांगाया पाह्यजे व्हतं गं. तोंड काय झिजलं असतं माझं?"

"मी पन विचारलं न्हाई, मावशी. वर तुमाला नको ते बोलले."

"बोललीस ते बोललीस. आन त्याला हिकडं."

तिनं शेरूला मांडीवर घेतलं आणि मेंढराच्या कोकराचं चोळावं तसं त्याचं पोट हलक्या हातानं चोळत राहिली. साजियानं डॉक्टरांचं औषध थेंब थेंब पाजलं. दुपार झाली. मशीन बंद होतं, गिऱ्हाइकं दारातून परत गेली. शेरूचे कान गार पडत चालले, तशी साजिया त्याला ओढणीत गुंडाळून रडायला लागली.

चारच्या सुमाराला वच्छलाबाई एकदम ओरडली, "लेंड्या टाकल्या! साजे, बघ, लेंड्या टाकल्या!"

तिच्या लुगड्यावर चार बारक्या काळ्या लेंड्या पडल्या होत्या. दोघी त्या तळहातावर घेऊन एकमेकींना दाखवत हसत होत्या, रडत होत्या. अंधार पडायच्या आधी शेरूनं नव्या पेंढीतली एक काडी तोंडात धरली. डॉक्टर फोनवर म्हणाले, आठवडाभर जपा, पोट पुन्हा थांबू शकतं. म्हणजे जीव अजून टांगणीलाच आहे. वच्छलाबाई बसनं परत गेली. जाताना साजियाला बजावून गेली, की पेंढी मोकळी ठेव, आणि घेताना काडी मोडून घेत जा, देणारी मी असले तरी.

आम्हा नऊ जणींना त्यांनी गल्लीच्या भिंतीशी काढून टाकलंय. उद्या खड्डा खणून पुरणार आहेत. वरून आम्ही अजून हिरव्या दिसतो, म्हणून शेजारची शेळी मघापासून दावं ताणून माझ्याकडं मान लांबवतेय. गवत जन्माला येतं ते कुणाच्या तरी तोंडी पडावं म्हणून. दुसरं मागणं आमच्या कुळात कुणी केलेलं नाही. आज मी गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला विनवतेय: बाबांनो, त्या शेळीला हाकला. मला कुणालाही खाऊ देऊ नका.