चौथीचा भागाकार

"एकशे पाचच्या जागी पंधरा? पेशंट कोरडा पडेल बाई!" सरांनी पेपर तिच्यापुढे सरकवला. "आठशे चाळीस मिली सलाईन, आठ तासांत. तासाला किती?"

तिचं वय चौतीस. अकरा वर्षं वॉर्डात आया होती, आता नर्सिंगच्या वर्गात. औषधाच्या मात्रांच्या गणितात दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा झाली, की परत आया.

शाळेतून निवृत्त झाल्यावर सर आठवड्यातून दोन दिवस इथे गणित शिकवायला येत. त्यांनी तिचे जुने पेपर शेजारी शेजारी मांडले. पाढे तीसपर्यंत घडाघडा. वजाबाकी चोख. दशांश चिन्हही जागच्या जागी. चुकत होते ते फक्त काही भागाकार.

"आठाला आठाने भाग गेला. मग चार खाली घेतले. भाग जात नाही. मग?"

"पुढचा अंक खाली घेतला."

"आणि वर काय लिहिलंत?"

"वर काहीच नाही. भागच गेला नाही ना, सर."

सरांनी चष्मा काढला. "वर शून्य द्यायचं असतं. हे चौथीचं गणित आहे हो! कोण होतं तुम्हाला चौथीला?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. "तुम्हीच, सर. भावाला गोवर आला होता, महिनाभर मी घरी होते. परत आले तेव्हा विचारलं होतं मी. तुम्ही म्हणालात, वर्ग पुढे गेला."

सरांना काही आठवेना. त्याचंच त्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज तिच्या ड्यूटीच्या तासभर आधी येऊ लागले. पहिल्याच दिवशी तिला शून्य कळलं; पण चोवीस वर्षांची धास्ती कशी जाणार? प्रत्येक उत्तर ती उलटा गुणाकार करून ताडून बघायची. सर म्हणायचे, "बघ, सावकाश बघ." ते आता तिला तू म्हणत होते.

परीक्षेत वीस गणितं होती, चाळीस मिनिटं. पास व्हायला चौदा बरोबर हवी होती. तिची बाराच झाली.

"बाराच्या बारा बरोबर आहेत," सर मेट्रनना म्हणाले. "आणखी थोडा वेळ दिला असता तर..."

"वॉर्डात कोण देणार वेळ, सर?"

"सावकाश कर म्हणून मीच सांगितलं होतं तिला."

मेट्रननी कागद फाइलला लावला.

महिन्याभराने सर मुद्दाम वॉर्डाकडे गेले. काय बोलायचं ते ठरवलंही होतं. ती फरशी पुसत होती. औषधांच्या ट्रॉलीपाशी एक तरुण नर्स कागदावर खाडाखोड करत होती. तिने इकडेतिकडे बघून हळूच हाक मारली, "मावशी, एवढं बघता का?"

तिने फडकं पिळून ठेवलं, हात ॲप्रनला पुसले. कागद खिडकीशी नेला, गणित केलं, ताडून पाहिलं.

"आता घ्या, सिस्टर."

मग पिळून ठेवलेलं फडकं उचलून ती पुढच्या खाटेखाली वाकली. सर दारातूनच मागे फिरले.